घर क्रमांक एकशे बारा

राहीबाई रोज सकाळी उठली की आधी अंथरूण आवरायची. गोधडी, चादर, उशी एकात एक घालून त्यांची घट्ट वळकटी करायची, सुतळीने दोन ठिकाणी बांधायची आणि पडवीच्या दाराशी उभी करून ठेवायची. घरातल्या बाकीच्यांची अंथरुणं दुपारपर्यंत खाटांवर पडलेली असत. हिची मात्र दाराशी, बांधलेली. पाहणाऱ्याला वाटावं, बाई आता पहिल्या रिक्षाने गावाला निघणार. एकोणतीस वर्षं ती कुठेच निघाली नाही. पण एकोणतीस वर्षांत दिवसाउजेडी ती वळकटी सुटलेली कोणी पाहिली नाही.

पडवी तिच्या भावाची, केसरीनाथ भोईरची. भिवंडीहून अंजूरकडे जाताना खाडीच्या बाजूला शे-सव्वाशे घरांचं गाव आहे. तिथे तेव्हा दर पावसाळ्याआड एका शेताचं गोदाम होत होतं. राहीबाईचं लग्न वज्रेश्वरीच्या बाजूला झालं होतं. दोन वर्षांत नवऱ्याने दुसरी आणली आणि राहीबाई एक पत्र्याची पेटी घेऊन माहेरी परतली. वडील होते तोवर ती त्या घरची मुलगी होती. ते गेल्यावर ती हळूहळू पाहुणी झाली. कोणी ठरवून केली नाही. दारावर आलेल्याने विचारलं, की वहिनी म्हणायची, "नणंद आलीय." तोच माणूस दहा वर्षांनी पुन्हा आला तरी वहिनीचं उत्तर तेच असायचं. पुढे पुढे राहीबाई स्वतःच सांगू लागली, "मी पाव्हनी हाय." असं म्हटलं की तिला सुरक्षित वाटायचं. पाहुणीला कोणी काही मागत नाही, आणि पाहुणी काही मागेल अशी भीती कोणाला वाटत नाही.

माझी आई, सुनीती, त्या गावच्या शाळेत शिक्षिका होती. राहीबाई त्याच शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. हे जे मी लिहिते आहे त्यातलं बरंचसं आईकडून आलेलं आहे.

मतदार यादीचं काम शिक्षकांकडेच येतं. दोन हजार सहा सालच्या दिवाळीनंतर आई यादीचे कागद घेऊन घरोघर फिरली. घर क्रमांक एकशे बारा. केसरीनाथने ओट्यावर बसून नावं सांगितली. तो, बायको, मोठा मुलगा हितेश, सून, धाकटा मुलगा. राहीबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"आणि राहीबाईंचं?" आईने विचारलं.

"ती पाव्हनी हाय," केसरीनाथ म्हणाला. "तिचं गाव वज्रेश्वरीकडं."

आईने राहीबाईकडे पाहिलं. राहीबाईने मान हलवली. पाहुणीच, असं.

केसरीनाथ वाईट माणूस नव्हता. बहिणीला त्याने कधी उपाशी ठेवलं नाही, तिच्या अंगावर कधी हात टाकला नाही. पण त्याचं खाडीकडचं शेत एका गोदामवाल्याने मागितलं होतं. वडिलांमागे सातबाऱ्यावर तिन्ही बहिणींची नावं लागली होती. दोघी आपापल्या घरच्या. एका भाऊबीजेला आल्या, साड्या घेतल्या, हक्कसोडपत्रावर सह्या करून संध्याकाळच्या रिक्षाने गेल्या. राहीबाईला विचारायचं राहिलं होतं. विचारलं असतं तर आपल्याकडे सोडण्यासारखं काही आहे, हे तिला कळलं असतं.

त्याच महिन्यात जुनं घर पाडून बंगला बांधायचं ठरलं. हितेशने ओट्यावर नकाशा पसरला. सगळे वाकून पाहू लागले. राहीबाई मागून पाहत होती. देवघर होतं, गाडी लावायला जागा होती, वरच्या मजल्यावर झोपाळ्याचा हुक होता.

"मी कुठं रं, हितेश?" तिने हसत विचारलं.

"आते, तुला आख्खी गच्ची!" हितेश म्हणाला आणि सगळे हसले. तीही हसली. मग पडवीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी खिचडीला फोडणी देता देता, आईकडे न बघता ती म्हणाली, "बाई, माझं नाव लिवा."

आईने शाळेच्या स्वयंपाकघरातच फॉर्म भरायला घेतला. वय एकावन्न. आजवर कुठल्याच यादीत नाव नाही. सासरी असताना मतदानाचं वय नुकतंच झालं होतं, आणि नाव लागायच्या आत ती तिथून निघाली होती.

"वडिलांचं नाव लिहू की नवऱ्याचं?"

राहीबाईने दोनदा उलथनं फिरवलं. "बापाचं लिवा. तो म्हनत न्हवता मला पाव्हनी." मग जरा थांबून, "तिकडं मला सुनंदा म्हनायचे. लग्नात तांदळात लिवलेलं नाव. ते तिकडंच राह्यलं."

फॉर्मच्या शेवटी छापलेलं वाक्य आईने वाचून दाखवलं, की माहिती खोटी ठरली तर शिक्षा होऊ शकते. राहीबाईने पुढे केलेला अंगठा मागे घेतला.

"खोटं काय आहे यात?" आई म्हणाली. "इथे राहता की नाही तुम्ही?"

"ऱ्हाते. पन दादा न्हाय म्हनतो."

"दादाला विचारलंय का फॉर्मने? तुम्हाला विचारलंय."

तिने अंगठा दिला. शेजाऱ्यांच्या दोन सह्या आईने मिळवल्या. भिवंडीच्या सरकारी दवाखान्याचा एक जुना केसपेपर राहीबाईच्या पेटीत होता, त्यावर गावाचं नाव होतं. तिच्या नावाचा जगात तेवढाच कागद.

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले ते आईने पाहिलं. प्रारूप यादी शाळेच्या व्हरांड्यात चिकटवली होती आणि कोणालाही हरकत घ्यायला काही दिवसांची मुदत होती. खिचडीची चूल तिथून दहा पावलांवर. कोणी यादीसमोर थांबलं की राहीबाईचा डाव हवेत थांबायचा. त्या पंधरवड्यात खिचडी तीनदा बुडाला लागली. एकदा केसरीनाथच तिथे आला, चष्मा लावून बोट फिरवत राहिला. राहीबाई पातेल्यामागे बसून राहिली, मुलं ताटल्या वाजवू लागली तरी उठली नाही. केसरीनाथला स्वतःचं नाव सापडलं, वय दोन वर्षांनी जास्त पडलं होतं; "या सुनीतीबाईंनी मला म्हातारा केला," असं पुटपुटत तो गेला. यादीत माणूस फक्त आपलं नाव शोधतो. तिचं नाव त्याच्या दोन ओळी खाली होतं.

ती वाचली ती फक्त त्या दिवसापुरती.

पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि केसरीनाथ उभा राहिला. उमेदवाराला पक्की यादी मिळते. हितेश ती मांडीवर घेऊन पट्टी लावून वाचत बसला. हे मत आपलं, हे त्यांचं, हा मुंबईला, याला आणायला गाडी पाठवायची. एकशे बारावर येऊन पट्टी थांबली.

"बाबा. हे बघा. राही केरू भोईर."

पडवीत राहीबाई तांदूळ निवडत होती. तिला ऐकू आलं. सूप तसंच मांडीवर राहिलं.

"कुनी लिवलं?" केसरीनाथने आतूनच विचारलं. तो पडवीच्या उंबऱ्यापर्यंत आला. "राही, तू सांगितलंस?"

ती नुसती सुपाकडे बघत राहिली. मग तो हसला.

"बरं झालं. एक मत वाढलं घरात."

तो ओरडला असता तर ती रडली असती आणि गोष्ट संपली असती. त्या हसण्याचं काय करायचं ते तिला कळेना. त्या दिवसापासून वहिनीने तिच्याशी बोलणं सोडलं. भाकरी झाकून ठेवायची आणि भांडं वाजवून सांगायची. राहीबाई शाळेत आईला म्हणाली, "बाई, नाव खोडता येतं काय?"

"येतं. खोडायचंय?"

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, पुन्हा पुढे सारलं.

मतदान शाळेतच होतं. ज्या वर्गाबाहेर ती रोज ताटल्या मांडायची त्याच वर्गात टेबलं लावली होती. दाराशी काठी घेतलेला पोलीस उभा होता. स्वयंपाकघराला कुलूप. आईची ड्युटी दुसऱ्या गावात होती. बायकांच्या रांगेत राहीबाई पदराचं टोक मुठीत घेऊन उभी राहिली. हितेशने घरी तीनदा समजावलं होतं की कुठली बटणं दाबायची. रांग पुढे सरकत गेली तसं ते सगळं तिच्या डोक्यातून पुसलं गेलं.

पहिल्या टेबलावरच्या माणसाने मोठ्याने वाचलं, "चारशे सतरा. राही केरू भोईर. घर क्रमांक एकशे बारा."

भिंतीकडच्या बाकावर उमेदवारांचे प्रतिनिधी बसले होते. त्यातला दाजी उठला. दाजीची गावात पिठाची गिरणी होती. तो केसरीनाथच्या विरोधातल्या माणसाचा प्रतिनिधी होता. राहीबाईचं दळण त्याने वीस वर्षं दळलं होतं.

"हरकत हाय, साहेब."

"काय हरकत?"

"ही राही भोईर न्हाय. हिचं लगीन झालंय वज्रेश्वरीकडं. तिथलं नाव सुनंदा, आडनाव येगळं. लगीन झालेली बाय बापाच्या नावानं मत कशी देते?" मग तो तिच्याकडे न बघता हळूच म्हणाला, "राग नको मानू गो राही. इलेक्शन हाय."

केंद्राध्यक्ष भिवंडीतल्या कुठल्याशा कार्यालयातले कारकून होते. सकाळपासून पाणी प्यायलाही उठले नव्हते. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं, पान शोधलं, दाजीकडून हरकतीची फी घेऊन पावती दिली. मग राहीबाईकडे वळले.

"बाई, हे म्हणतात तुम्ही त्या नाही. दुसऱ्याच्या नावाने मत देणं गुन्हा आहे. तुम्ही ती नसाल तर आत्ता सांगा आणि घरी जा. नंतर सिद्ध झालं तर मला तुम्हाला यांच्या ताब्यात द्यावं लागेल."

पोलिसाने काठी या हातातून त्या हातात घेतली.

राहीबाईने पुढे आईला सांगितलं, "मला वाटलं, म्हनावं, मी ती न्हाय. म्हनजे सुटले. जीभच हलंना म्हनून राह्यले."

केंद्राध्यक्षांनी केसरीनाथला बोलावलं. तो आला, पांढरे कपडे, कपाळावर ओला टिळा.

"ही तुमची कोण?"

"भैन."

"सख्खी?"

"सख्खी."

"नाव?"

"राही."

"राहते कुठे?"

केसरीनाथने रुमाल काढून मान पुसली. वकिलाने त्याला सांगितलं होतं, बहीण तुमच्या घरात राहते असं कुठल्या सरकारी कागदावर येऊ देऊ नका, उद्या ती घरावरही हक्क सांगेल. समोर सरकारी कागद होता आणि त्यावर टेकलेलं पेन. हितेश दाराबाहेरून मानेने नाही नाही म्हणत होता.

"येते-जाते," केसरीनाथ म्हणाला.

"येते-जाते असं मला लिहिता येत नाही, भोईर. राहते की नाही राहत?"

रांग थांबली होती. बायका दारातून आत वाकल्या होत्या. त्यातली सीताबाई, मासे विकणारी, तिचा आवाज बाजाराचा. ती म्हणाली, "काय रं केसरीनाथ, इसरलास? तुझ्या पोरांची दुपटी काय वज्रेश्वरीवरनं धुवून यायची?"

बायका फिस्कन हसल्या. "गप्प बसा, मतदान केंद्र आहे!" पोलीस ओरडला. राहीबाईच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ती भावाच्या तोंडाकडे बघत होती. असं सरळ तिने त्याच्याकडे किती वर्षांत पाहिलं नसेल. तो नाही म्हणाला तर पोलीस. हो म्हणाला तर घरी परत गेल्यावर काय, ते तिला दिसत नव्हतं.

केसरीनाथने रांगेकडे पाहिलं. तीस-चाळीस बायका. त्यांची मतं अजून पडायची होती.

"राहते," तो म्हणाला.

"किती वर्षांपासून?"

"झाली असतील चार-पाच..."

"एकोनतीस," राहीबाई म्हणाली.

आवाज इतका बारीक होता की केंद्राध्यक्षांनी कान पुढे केला. "काय?"

"एकोनतीस वरसं. येत्या शिमग्याला तीस व्हतील."

त्यांनी भावाकडे पाहिलं. केसरीनाथ रुमालाची घडी घालू लागला. त्यांनी तेच लिहिलं. केसरीनाथने सही केली, राहीबाईने अंगठा दिला. दाजीची हरकत फेटाळली गेली. तो खाली बसला आणि रुमालाने वारा घेऊ लागला. राहीबाईच्या बोटाला शाई लागली.

पुठ्ठ्याच्या आडोशाआड तिने एक बटण दाबलं. काहीच वाजलं नाही. ती उभी राहिली. प्रत्येकीच्या मताला यंत्राचा आवाज व्हायचा, लांब शिट्टीसारखा, तो तिने बाहेर रांगेत ऐकला होता. तिचा होईना. तिला वाटलं, यंत्रानेही हरकत घेतली.

"झालं का, बाई?"

"वाजत न्हाय."

"तीन जागा आहेत, तीन मतं द्यायची. तिन्ही दाबा, मग वाजेल."

तिने आणखी दोन दाबली. यंत्र वाजलं तेव्हा ती दचकून मागे सरली आणि पुठ्ठा पडता पडता राहिला. कोणाला दिली ती मतं, हे तिने कधी सांगितलं नाही. आई म्हणते, तिला स्वतःलाच माहीत नसावं.

केसरीनाथ निवडून आला. फरक मोठा होता. एका मताने काही इकडचं तिकडे झालं नसतं. दारात फटाके वाजले, गुलाल उधळला. राहीबाई पडवीत बसून राहिली. गुलालाच्या ताटातली चिमूट तिच्याकडे कोणी आणली नाही.

पंधरा दिवसांनी केसरीनाथ म्हणाला, "उद्या भिवंडीला यायचंय. फोटो काढायचाय तुझा."

कशाला, ते तिने विचारलं नाही. त्या दिवशी ती शाळेत आली आणि आईला एवढंच म्हणाली, "बाई, मला उद्या नेतायत."

पुढचं हितेशने नंतर कधीतरी आईला सांगितलं. निबंधक कार्यालयाच्या बाहेर दस्त लिहिणारे बसतात. तिथे राहीबाईपुढे हक्कसोडपत्र ठेवलं. तिने सगळं वाचून दाखवायला सांगितलं. गट क्रमांक, चतुःसीमा, स्वखुशीने, कुठल्याही दबावाविना. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "यात मी कुठं ऱ्हायचं ते लिवलंय काय?"

दस्तलेखक हसला. "मावशी, हा जमिनीचा कागद आहे."

"मंग ते पन लिवा."

"राही, घरी बोलू," केसरीनाथ म्हणाला.

"घरी न्हाय." तिने उजवा हात डाव्या काखेत घट्ट दाबून धरला होता. "जमीन घे, दादा. मला नको. पन मी जिती हाय तवर मला एक खोली, ती लिव. लिवल्याबिगर मी अंगठा देत न्हाय."

"लोकं बघतात, राही."

"बघू दे. त्या दिवशी पन बघत व्हती."

हितेश म्हणाला, बाबांनी आधी रस्त्यावरच्या लोकांकडे पाहिलं. मग त्यांनी दस्तलेखकाला मान हलवून खूण केली. नव्या घरात तळमजल्यावर मागच्या बाजूची एक खोली, हयात असेपर्यंत राहण्याचा हक्क. तेवढं टाइप होईतो राहीबाई उभीच होती. नंतर अंगठा देऊन ती तिथल्याच पायरीवर बसली.

त्या शेतावर आज निळ्या पत्र्याचं गोदाम आहे. तिच्या वाट्याचा तुकडा कुठला होता, ते कोणी सांगू शकणार नाही. मला त्याची हळहळ वाटते. तिला वाटायची का, ते मला ठाऊक नाही. ती शेताच्या बाजूला गेलेली मी पाहिली नाही.

बंगला दोन वर्षांनी पुरा झाला. तिची खोली नकाशात नव्हती म्हणून ती स्वयंपाकघराला चिकटून नंतर काढली, आठ बाय दहा, एक खिडकी. भीती काही तिची गेली नाही. दारावर कोणी आलं की ती उठून उभी राहायची. कागद खरा आहे ना, कोणी फाडला तर काय, असं आईला दर महिन्याला विचारायची, आणि आई दर महिन्याला सांगायची की एक प्रत कार्यालयात आहे. वहिनी पुन्हा बोलू लागली होती, कामापुरतं.

त्या खोलीत ती जेमतेम सात महिने राहिली. काविळीने अंथरूण धरलं. आई एका दुपारी शाळा सुटल्यावर तिला भेटून आली; मीही बरोबर होते. ती पसरलेल्या गोधडीवर भिंतीला टेकून बसली होती, डोळे पिवळे झालेले. शाळेतल्या नव्या स्वयंपाकिणीची चौकशी केली, तिला मीठ कळत नाही म्हणाली. आम्ही उठलो. चपला घालत असताना आतून तिचा आवाज आला.

"बाई, जाताना दार लोटून घ्या. मांजर शिरतं."